बुधवारची अंडी

सुनंदा, आज बुधवार. कँटीनमध्ये अंडी होती.

तू गेल्यानंतरचा हा पहिला बुधवार नव्हे, पण मी कँटीनमध्ये पाय ठेवला असा पहिलाच. इतके दिवस जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या मागच्या पायऱ्यांवर बसून राहायचे. आज हौसावहिनीने दंडाला धरून नेलं. रांगेत उभी राहिले, वाढणाऱ्याने ताटात उकडलेलं अंडं ठेवलं, आणि मी सवयीने मागे वळून ते तुझ्या ताटात टाकलं. मागे नवीन लागलेली कुणी मुलगी होती. ती बिचारी "थँक्यू ताई" म्हणून पुढे गेली. झालं ते एवढंच. पण माझं जेवण तिथेच संपलं.

त्या अंड्यावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, हे लक्षात असू दे. तू मध्येच उठून गेलीस म्हणून मी जिंकले असं मी धरत नाही. तू जिंकलीस असं तर मुळीच नाही.

आपण दोघी रसायनीच्या औषध कारखान्यात, गोळ्यांच्या पॅकिंगला. टोपी, मास्क, पायघोळ पांढरा गाउन. तिथे बाई ओळखायची ती डोळ्यांवरून आणि चालीवरून. मी कर्जतहून नवीन लागले तेव्हा पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्याच्या पलीकडून दोन डोळे माझ्याकडे बघून हसायचे आणि त्यांच्याखालचं तोंड कसं असेल याचा मला घोर लागलेला. मग कँटीनमध्ये मास्क काढलेली दिसलीस. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, तोंडात घास, आणि तशीच युनियनच्या सेक्रेटरीशी, म्हणजे आपल्या घरतदादांशी, ओव्हरटाइमवरून हुज्जत घालत होतीस. कमिटीवर तू एकटीच बाई, पण आवाज सगळ्यांत मोठा. मनात म्हटलं, संपलं, आता आपलं काही खरं नाही.

माझ्या माहेरचं कर्जतच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान, गावात पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. तू कळंबकडच्या बौद्धवाड्यातली. मी मोहोपाड्याला तुझ्या खोलीवर राहायला आले तेव्हा आईने कितीतरी दिवस माझा फोन उचलला नाही. तू आमटी ढवळत होतीस. वळून न बघता म्हणालीस, "तुज्या घरच्यांना माजा नक्की कसला तरास होतो गं? बाई हाय त्याचा, का आमच्या वाड्यातली हाय त्याचा? एकदा काय ते ठरवून सांगा म्हनावं." मी हसत हसत रडले होते.

त्यांचं ते अजून ठरलेलं नाही बरं का. पण तू गेल्याचं कळलं तेव्हा आईचा फोन आला. जेवलीस का, एवढंच विचारलं तिने. मी हो म्हटलं, खोटंच. तिने विचारलं, हे तुला सांगायचं राहिलं होतं.

चौक गावचे रविवार मला फार आठवतात. जुन्या हायवेवर ते गॅरेज, आपल्या कारखान्यातल्या फिटर नितीनच्या जोडीदाराचं. लोक त्यांना धंद्यातले भागीदार समजत आणि ते समजू देत. अर्धं शटर खाली ओढून आपण तिथे जमायचो. कुणी खोपोलीहून यायचं, कुणी खालापूरहून, रेश्मा आपल्याबरोबर रिक्षाने. सगळ्यांनी घरी सांगायचं, भिशीला चाललो. पहिले काही रविवार नुसता चहा आणि रडगाणं. दुःख उगाळायला कुणाला आवडत नाही? एकदा तू ग्रीसच्या डब्यावर बसलीस, कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "रडून झालं असंल तर आता मागन्या सांगा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आपल्यालाही मागण्या असू शकतात, हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रेश्माची मागणी साधी होती. ती कंत्राटावर सफाईला. अंगावर पंजाबी ड्रेस, पण गेटपासवर बापाने ठेवलेलं पुरुषी नाव, आणि गेटवरचा वॉचमन रोज सकाळी ते मुद्दाम मोठ्याने पुकारायचा. कपडे बदलायला ती भंगाराच्या ढिगामागे जायची. तिला हवं होतं तिचं स्वतःचं नाव आणि बायकांच्या खोलीत एक लॉकर. नितीनची आणि आपली मागणी एकच. युनियनच्या कंपनीशी झालेल्या करारात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, आईबाप. तिथे आणखी एक ओळ हवी होती: कामगार सांगेल ती घरातली एक व्यक्ती. तिला मेडिकल लागू व्हावं, आणि ती गेली तर कामगाराला दुखवट्याची रजा मिळावी. ती कोण, कशी, का, हे कुणी विचारू नये.

'ती गेली तर' हे शब्द तुझेच. मी म्हटलं होतं, अभद्र कशाला बोलतेस? तू म्हणालीस, विमेवाला बोलतो तेव्हा बरं चालतं.

घरतदादांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. हे युनियनचं काम नाय सुनंदा, म्हणाले. तू शांतपणे विचारलंस, "वर्गणी घेताना कदी इचारलंत का दादा, घरी कुनासंगं राहतेस म्हनून?" दादा मिशी ओढायला लागले. माणूस सरळ आहे. उत्तर नसलं की मिशी ओढतो. पट्ट्यावर तू वेगळीच चाल खेळलीस. हौसावहिनीला विचारलंस, ज्या मावशीने तुला लहानाची मोठी केली ती कुटुंबात धरतात का? नाही धरत. झालं, हौसावहिनी आपल्या बाजूची. असं एकेक माणूस तू जोडत गेलीस, आणि दोन्ही मागण्या मागणीपत्रात आल्या. मी त्या दिवशी शिरा केला होता. तू म्हणालीस, आत्ताच गोड नको गं, अजून कंपनीसमोर टेबलावर बसायचं बाकी आहे.

मागणीपत्र कसं वाचायचं तेही तूच शिकवलंस. वर असतात त्या मिळवायच्या मागण्या, तळाला असतात त्या सोडायच्या. वर पगारवाढ आणि मेडिकल. तळाला रेनकोट आणि कँटीनला आठवड्यातून एकदा अंडी. कंपनीने कपाळाला हात लावायचा, आपण जड मनाने 'बरं, अंडी सोडली' म्हणायचं, की मग त्यांनाही काहीतरी सोडणं भाग पडायचं. बाजारातली भाजीवाली आधी चढा भाव सांगते, तसंच. अंडी आपल्या प्रत्येक मागणीपत्रात असायची आणि प्रत्येक करारात सुटायची. त्यासाठीच तर ती ठेवलेली.

आणि त्या खेपेला नवीन आलेल्या मॅनेजरने पहिल्याच बैठकीत अंडी देऊन टाकली.

तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा आपण पोट धरधरून हसलो. घरतदादांचा चेहरा म्हणे बघण्यासारखा झाला होता. मॅनेजरला वाटलं, किरकोळ मागणी आहे, दिली की लोक खूश होतील. त्याने आपली सोडायची मागणीच काढून घेतली, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? लगोलग त्याने रेनकोटही दिले. मागणीपत्राचा तळ रिकामा झाला.

हसू फार टिकलं नाही. शेवटच्या बैठकीत गाडी अडली. दोन्ही नवीन कलमं एकदम जमणार नाहीत, एक सोडा, असं कंपनीचं म्हणणं. दादा रेश्माची सोडायला निघाले होते. कंत्राटी बाई, युनियनची सभासदही नाही, असा त्यांचा विचार. तू म्हणालीस, तिची नाय, माजी सोडा. आणि सह्या झाल्या.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. तू येऊन उंबऱ्यावर बसलीस, चप्पलही काढली नाहीस. मी विचारलं, आपली का सोडलीस?

"आपली व्हती म्हनून," तू म्हणालीस. "टेबलावर बसनाऱ्यानं आपल्या पानातलं आधी सोडायचं असतं गं. दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाय."

मी म्हटलं, ते पान तुझ्या एकटीचं नव्हतं. माझं होतं, नितीनचं होतं. विचारलंस कुणाला? तू म्हणालीस, पुढच्या कराराला घेऊ. मी म्हटलं, आणि तोवर कुणाला काही झालं तर?

"कुनाला काय होतंय," तू म्हणालीस.

भाकरी तव्यावर करपली आणि तू ती तशीच खाल्लीस. 'कुनाला काय होतंय.' ते तीन शब्द मी डोक्यातून काढायला बघते. निघत नाहीत.

तेव्हापासून मी कँटीनच्या अंड्याला तोंड लावलं नाही. अंडं खायला मला शिकवलं तूच, आमच्या घरात ते कधी आलं नव्हतं. पण बुधवार आला की माझं अंडं तुझ्या ताटात. तू ते बिनदिक्कत खायचीस, वर मीठही मागायचीस. "मिळालंय ते खायाचं गं," म्हणायचीस, "लई महाग पडलंय." थंडीत गॅरेजच्या मागे आपण पोपटी लावली, मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मध्ये अंडी. मी शेंगाच वेचून खात होते. तू एक अंडं सोलून माझ्या तळहातावर ठेवलंस. हे कंपनीचं नाही, माझ्या भावाच्या कोंबडीचं आहे, आता तरी खा, म्हणालीस. ते मात्र मी खाल्लं. त्याला पाल्याचा वास होता, आणि तुझ्या बोटांनाही.

आणि एक गोष्ट मी तुला कधी कबूल केली नाही, मुद्दामच. रेश्माचा नवीन गेटपास आला त्या सकाळी मी तिच्यामागे उभी होते. वॉचमनने तिचं नाव वाचलं, खरं नाव, आणि ती पुढे सरकेचना. मला वाटलं आता काय झालं? तर ती त्याला म्हणाली, परत एकदा बोला. त्याने परत म्हटलं. मागच्या बायका खोळंबल्या. पुढे लॉकरवरून दोघीतिघींनी नाकं मुरडली तेव्हाही तू भाषण दिलं नाहीस. आपला लॉकर तिच्या शेजारचा मागून घेतलास आणि रोज तिच्या बाजूला उभी राहून कपडे बदललेस. हळूहळू नाकं सरळ झाली. हे सगळं बघून तुझ्यावर रागावणं मला फार जड जायचं. पण मी नेटाने रागावले.

मग कावीळ झाली. कावीळच ती, औषध घेतलं की उतरेल, असं सगळेच म्हणत होते, तू सगळ्यांत जास्त. पनवेलच्या दवाखान्यात त्यांनी मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं, घरची. घरची म्हणजे कोण? मी पुन्हा म्हटलं, घरची. मग मला बाकावर बसायला सांगितलं. तुझा भाऊ कळंबहून टेंपो घेऊन आला तेव्हा कुठे डॉक्टर बोलले, त्याच्याशी. तुझा भाऊ चांगला आहे गं. आत ऐकलेलं सगळं त्याने जसंच्या तसं बाहेर येऊन मला सांगितलं, आणि मग कोपऱ्यात नेऊन विचारलं, "काय करायचं, अलकाताई? तुमी सांगाल तसं." त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि करारात असणं वेगळं, हे तुझंच म्हणणं, चौकला किती वेळा ऐकवलं होतंस.

माझी रजा दवाखान्यातच संपली. जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीला हजर. सुपरवायझरने आपल्या परीने बघितलं, विचारून आला, आणि म्हणाला की मैत्रिणीसाठी तरतूद नाही. खरंच होतं त्याचं. तरतूद तू सोडली होतीस.

पट्ट्यावर बसले तर हातच चालेनात. गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढे साचायला लागली. हौसावहिनी माझ्याकडे न बघता पुटपुटली, "तू नुसती बस गं. हात हालवल्यावानी कर. बाकी आमी बघतो." उजवीकडून ती आणि डावीकडून दुसरी, दोघी माझ्या वाट्याची पाकिटं उचलत राहिल्या. मी रिकामे हात हलवत राहिले. मास्कमध्ये रडलेलं दिसत नाही, फक्त डोळे दिसतात, आणि त्या दिवशी त्या ओळीत सगळ्यांचेच डोळे तसे होते. माझा दुखवटा असा झाला, सुनंदा. त्या बायकांनी तो मला दिला, लपवून. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण मला राग येतो. तुझ्यासाठी रडायची सुट्टी मला चोरून का मिळावी?

खोलीत सगळं आहे तसंच आहे. संध्याकाळी वारा फिरला की मोहोपाड्यात वास येतो, आणि तू दारात उभी राहून सांगायचीस, आज अमक्या कंपनीत प्लँट चालू झाला, आज तमक्यांनी काहीतरी सोडलंय. मला कधी ते ओळखू आलं नाही. आता मी दारात उभी राहून वास घेते आणि सांगायला कुणी नाही, हा काय, कुठला. तुझी चप्पल जिन्यात वाजायची ती मला तिसऱ्या पायरीपासून ऐकू यायची. अजून कुणाची तरी वाजते आणि मी गॅस पेटवते. मग बंद करते. मला तू हवी आहेस गं. बोलू नकोस, समजूत काढू नकोस, नुसती खोलीत अस. उंबऱ्यावर चप्पल घालून बस, मी काही म्हणणार नाही.

गेल्या रविवारी घरतदादा आणि कमिटीची माणसं खोलीवर आली. बरोबर हौसावहिनी. चहा झाला. नवीन करार तोंडावर आलाय, तुझ्या जागी मी बसावं अशी सगळ्यांची इच्छा. मग दादा मिशी ओढत म्हणाले की सुनंदाची ती मागणी आपण पुन्हा घालणार, तिची आठवण म्हणून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही भरून आलं. पदराने डोळे पुसले आणि विचारलं, कुठे घालणार?

"शेवटी," दादा म्हणाले. "तिचं नाव घेऊन शेवट करू. बरं वाटंल."

त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. दादांचे डोळेही ओले होते. पण मी तुझ्या हाताखाली शिकलेली. तळाला काय ठेवतात ते मला ठाऊक आहे. अंडी मिळाली, रेनकोट मिळाले, या खेपेला सोडायला नवीन काहीतरी लागणारच होतं. आणि तुझ्या नावाचं असलं की सोडताना सगळ्यांना दोन मिनिटं वाईटही वाटलं असतं.

मी म्हटलं, तळाला नको. पगारवाढीच्या खाली, लगेच.

मग दादा हळूच म्हणाले, "अलका, सुनंदानं सोतः सोडली व्हती ती."

"तिची होती म्हणून सोडली," मी म्हटलं. "माझी नाही."

बोलून गेले आणि मलाच ते नीट ऐकू आलं. ही मागणी उद्या मिळाली तरी माझ्या काय कामाची? माझ्या घरातली एक व्यक्ती होती, ती गेली. आता ती मागणी नितीनची आहे, हौसावहिनीच्या मावशीची आहे, कधीकाळी रेश्मा कायम झाली तर रेश्माची आहे. माझ्या पानात त्यातलं काही उरलेलं नाही. आणि दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही, हे तूच उंबऱ्यावर बसून मला सांगितलंस. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. अजूनही पटत नाही. तू आपली सोडायला नको होतीस. पण तुझा नियम मी पाळणार आहे, आणि तुझ्याच नियमाने मला ती सोडता येत नाही.

दादांनी मिशी सोडली आणि म्हणाले, बरं, वर घेऊ. मग विचारलं, पण टेबलावर अडलं तर सोडायला काय? हौसावहिनी हसली, या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. तळाला मी एक नवीन मागणी घातली आहे: बुधवारी एकाऐवजी दोन अंडी. त्यांनी कपाळाला हात लावला की ती मी जड मनाने सोडीन, तू शिकवलंस तशी.

आणि तीही त्यांनी देऊन टाकली, तर ती दोन अंडी मी कुणाच्या ताटात टाकू, सुनंदा?